पांढऱ्या टोपणाची बाटली

३ तारीख, सोमवार
लागले एकदाची कामाला! डोळ्यांचा दवाखाना, पुढे-मागे मिळून तीन खोल्या, बाहेर अकरा खुर्च्या. माझं काम एकच, तपासणीआधी पेशंटच्या डोळ्यांत थेंब घालायचे. आधी पांढऱ्या टोपणाच्या बाटलीतला, म्हणजे डोळा बधिर होतो. मग लाल टोपणाच्या बाटलीतला, म्हणजे बाहुली मोठी होते. डॉक्टरबाईंनी छान समजावलं. बधिर डोळ्याला दुसरा थेंब झोंबत नाही, त्यामुळे पाणी येऊन तो वाहून जात नाही. शिवाय बुबुळावरचा पातळ थर जरा सैल पडतो आणि औषध चटकन आत उतरतं. थोड्याच वेळात बाहुली वाटाण्याएवढी! महिनाअखेर माझेही डोळे तपासणार, मग नोकरी पक्की. ही वही बाबांनी दिली आहे, रोज लिहायच्या अटीवर. बघू किती दिवस टिकतंय.

४, मंगळवार
झाडलोट करणाऱ्या मावशी भारीच आहेत. सदा गडद चष्मा. भिंतीला हात लावत चालतात, खुर्च्या मोजत पुसतात. आज मला बजावलं, की पांढरी बाटली या खोलीबाहेर न्यायची नाही. जणू मी ती सरबत म्हणून पिणार होते. मला हसू आवरेना.

८, शनिवार
वेंधळेपणा माझाच. यंत्र पुसताना स्पिरिटची बाटली जोरात दाबली आणि दोन्ही डोळ्यांत उडालं. आठवडासुद्धा झाला नाही लागून, डॉक्टरबाईंना कुठल्या तोंडाने सांगू? पाण्याने धुतले, तरी आग थांबेना. मग पांढऱ्या बाटलीतला एकेक थेंब घातला. काय सांगू, जिवात जीव आला.

११, मंगळवार
थेंबाचा असर वीस मिनिटं टिकतो. मग आग परत येते, आधीपेक्षा जास्त. बाटली आता पर्समध्येच असते. आईने विचारलं, डोळे एवढे लाल का. जागरण म्हटलं.

१५, शनिवार
दिव्याभोवती कडी दिसतात. पेशंटच्या बाहुल्या धुरकट. तासाला तीनदा थेंब घालते. ज्या सैल थरातून औषध आत उतरतं, तोच थर मी रोज थोडा थोडा घालवते आहे. मला सगळं कळतंय. उद्यापासून बंद.

१७, सोमवार
बंद नाही झालं.

२०, गुरुवार
पकडले गेले. डॉक्टरबाईंनी माझ्या डोळ्यात लाल टोपणाचा थेंब घातला, वाट पाहिली, दिवा मारला. उजवी बाहुली मोठी झाली की नाही, हेच त्यांना दिसेना. बाहुलीपुढचं बुबुळच पांढरं पडलं आहे. उजवा गेला. त्या रागावल्यासुद्धा नाहीत. डावा वाचेल म्हणाल्या. पांढरा थेंब पुन्हा नाही, एकसुद्धा नाही, तरच. मागच्या खोलीत खाट टाकून दिली आहे.

२१, शुक्रवार
दुखतं. आई हात धरून बसली आहे. डाव्याला अजून ओळी दिसतात, म्हणून लिहिते.

२२
सुया — आतून — बाबांना म्हटलं माझे हात बांधा. ते बाहेर जाऊन रडले. मला ऐकू आलं.

२३
आई गोळ्या आणायला गेली. मावशी आल्या, भिंतीला हात लावत. म्हणाल्या, पूर्वी थेंब घालायचं काम त्यांचंच होतं. वाटलं, धीर द्यायला आल्या. त्यांनी चष्मा काढला. दोन्ही पांढरे —

मग खिशात हात घातला. हळूच म्हणाल्या, "एकच घे गं. मीही रोज एकच म्हणते."

बाटली माझ्या हातात ठेवली. टोपण पांढरं — मला दिसतंय, डाव्याला अजून दिसतंय — ठेवून द्यायची — फक्त एक — आई यायच्या आत