मला कोणीच मार्क करत नाही

२ डिसेंबर
प्रॅक्टिस संपल्यावर आमचे कोच जीवन सर सगळ्यांसमोर म्हणाले, स्वराज, आपण अटॅक करतो तेव्हा तुझं नक्की काम काय असतं? मी म्हणालो, सपोर्ट. पोरं हसली. सर हसले नाहीत, ते जास्त वाईट.
कॉलेजात सगळ्यात उंच मी, म्हणून फॉरवर्ड मी. फॉरवर्डने बास्केट करायची असते, हे मला माहीत आहे. उद्यापासून रोज शूटिंग.

३ डिसेंबर
शूटिंग झालं नाही. समुद्रावरून वारा फार. अशा वाऱ्यात हाताला चुकीची सवय लागते.

५ डिसेंबर
बॉल माझ्याकडे यायला लागला की हात गार पडतात. ही भीती नाही. शरीर अलर्ट होतं. माझं फक्त जरा लवकर होतं. म्हणजे सकाळी ब्रश करतानाच.

८ डिसेंबर
उरणच्या टीमशी फ्रेंडली मॅच. हरलो, पण महत्त्वाचं वेगळंच आहे. मला एकानेही मार्क केलं नाही. आमचा कॅप्टन फहाद, त्याच्या अंगावर दोन-दोन जण, आणि मी एकदम मोकळा. उंचीची दहशत, दुसरं काय.
नंतर फहाद म्हणाला, मोकळा असतोस तर बॉल माग ना, भाई. मागितला होता. त्याला ऐकू गेलं नसेल. ओठ तर नक्की हलवले होते.

११ डिसेंबर
आईने होमस्टेच्या पाहुण्यांना सांगितलंय की मुलगा टीमचा स्टार आहे. पुण्याच्या एका काकूंनी माझ्यासोबत सेल्फी काढला.
बाबा मांडव्याला जेटीवर तिकीट खिडकीत असतात. मी म्हणालो, सीझन आहे, बोटींना गर्दी, सतरा तारखेच्या मॅचला कशाला येताय. ते म्हणाले, सुट्टी मंजूर पन झाली.
जेवण गेलं नाही. सुरमई होती तरी.

१४ डिसेंबर
फायनल प्लॅन. बॉल आला की विचार न करता वर मारायचा. दुपारी वाडीत नारळांच्या मध्ये उभा राहून बॉलशिवाय प्रॅक्टिस केली. एकही चुकला नाही.

१७ डिसेंबर
झाली मॅच.
बाबा पहिल्या रांगेत, इस्त्रीचा शर्ट. सुरुवातीलाच समोरच्या टीमचे कोच ओरडले, त्या उंचाला सोडा रे, तो मारीत न्हाय. मला वाटलं दुसऱ्या कोणाबद्दल असेल. मग कोर्टवर दुसरा उंच शोधला. सापडला नाही.
शेवटचं मिनिट, एका पॉइंटने मागे. फहादला दोघांनी कोपऱ्यात दाबलं. मी रिंगखाली, आसपास कोणी नाही. त्याने बॉल टाकला आणि मी तो धरला.  सगळे माझ्याकडे बघत होते, बाबा उभे राहिले होते. रिंग इतकी जवळ मी कधी बघितली नव्हती. हात उचलायचे होते. उचललेच जाईनात.
मी बॉल परत फहादला दिला. मध्ये त्यांचा प्लेअर होता. तो बॉल घेऊन पळाला आणि बास्केट करून आला.
फहाद जवळ आला. माझी पाण्याची बाटली उघडून माझ्याच हातात दिली.

१७ डिसेंबर, रात्री
बाबांच्या स्कूटरवर नागावपर्यंत आलो. मग फाट्यावर गाडी बाजूला घेऊन त्यांनी विचारलं, भ्या वाटतं काय रं? मी म्हणालो, न्हाय, मनगट दुखतंय. ते म्हणाले, मला तिथं बसून पन भ्या वाटत व्हतं. लय.
मी मनगटच चोळत राहिलो.

१८ डिसेंबर
बाबांनी कामावर जायच्या आधी डॉक्टरकडे नेलं. डॉक्टर म्हणाले मनगटाला काहीच नाही. मी हट्टाने बँडेज मागून घेतलं. शनिवारी अजून एक मॅच आहे. त्यात पहिलाच बॉल मारणार. सरांना, फहादला, सगळ्यांना दाखवतो.

१९ डिसेंबर
सरांनी केबिनमध्ये बोलावलं. रागावले नाहीत. खुर्ची दिली. म्हणाले, तुझ्यात दम आहे, नसता तर मी तुला घेतलंच नसतं. मनगटाचं राहू दे. शनिवारी तू खेळतोस की…
त्यांचा प्रश्न पूर्ण व्हायच्या आत मी म्हणालो, बसतो.
घरी येऊन तीन भाकऱ्या खाल्ल्या.