डावरी, उडती, बसकी

आये,

येत्या रविवारी बंदुका निघाल्या. सगळ्या नाहीत, पण बहुतेक. लालबागची आपली चाळ एकदाची पाडायला घेतायत. बिल्डर म्हणतो तीन वर्षांत नवीन घर, आणि तोपर्यंत आम्ही भोईवाड्यात भाड्याच्या खोलीत. खोली बरी आहे, उजेड आहे, पण माळा नाही. माळा नाही म्हटल्यावर मला घाम फुटला आणि तुझा जावई खूश झाला. म्हणाला, "आता बघतो तुझ्या त्या अकरा सवती कुठे ठेवतेस ते." साठी उलटली तरी जीभ काही सुधारली नाही त्याची. शेवटी तह झाला की कॉटखाली सुटकेस आणि भिंत यांच्या मधे जी जागा उरते ती माझी. मी जाऊन टेप लावून मोजली. दोन बंदुका बसतात. तिसरी घातली की सुटकेस बाहेर निघत नाही.

अकरातल्या सात माझ्या, ऑफिसच्या स्पर्धांसाठी एकेक करून जमवलेल्या. चार तुझ्या, चौपाटीवरच्या. तुला जाऊन सव्वीस वर्षं झाली, तेव्हापासून त्या माळ्यावर तुझ्याच जुन्या नऊवारीत गुंडाळून ठेवल्या होत्या. दर दसऱ्याला खाली काढते, तेल देते, पुन्हा गुंडाळते. ह्या वेळी काढल्या आणि चौघींना कॉटवर शेजारी शेजारी निजवलं, तेव्हा त्यांची नावं आपोआप तोंडात आली. डावरी, उडती, बसकी आणि नवी. नवी म्हणजे तेव्हा नवी, आता तिचंही सगळं पॉलिश उडालंय. डावरीचा छर्रा डावीकडे जायचा, उडतीचा नेमाच्या वरून, बसकीचा खाली. नवी कधी कुठे मारेल ते तिचं तिलाच माहीत.

बाबा गेल्यावर तू मामांकडून ती फुगे फोडायची गाडी चालवायला घेतलीस. दादर चौपाटीवर तुझा तो लाकडी फळा, त्यावर खिळ्यांना बांधलेले फुगे, समोर टेबल, टेबलावर चार बंदुका आणि छऱ्यांची डबी. फळा आणि टेबल नारळवाल्याकडे राहायचं, पण बंदुका तू रोज घरी आणायचीस, गोधडीत बांधून, खांद्यावर घेऊन, बसने. कंडक्टर विचारायचे, "मावशी, आज कोणावर स्वारी?" आणि तू म्हणायचीस, "आधी सुट्टे दे, मग सांगतंय." तुझी नेहमीची गिऱ्हाइकं बंदूक नावाने मागायची. "वैनी, उडती द्या." बायको हाक मारल्यावर ओ देते तशी तू ती न बघता उचलून द्यायचीस. नवखा माणूस आला तर पहिले दोन छर्रे त्याला चुकू द्यायचीस, मग हळूच सांगायचीस, "जरा उजवीकडे धरा, ती डावरी हा." माणसं हसायची आणि पुन्हा यायची.

तर गेल्या रविवारी माझ्या हाताखाली शिकलेली एक मुलगी बंदुका बघायला आली. मुलगी म्हणते, पण चाळिशीची आहे, स्वतः शाळेतल्या पोरींना नेमबाजी शिकवते. अर्धी चाळ रिकामी झालीय, त्यामुळे गॅलरीच्या टोकाला गादी उभी करून तिच्यावर कागद लावता आला. माझ्या सातही तिने पटापट बघितल्या, म्हणाली, "मॅडम, ह्या डोळे झाकून घेते." मग तुझ्या चौघींकडे वळली. "आणि ह्या?" मी म्हटलं, "ह्या अशाच. जुन्या." तिने डावरी उचलली, नळी सांध्यात वाकवून छर्रा घातला, पाच वेळा मारली. पाचही छर्रे एका रुपयाच्या नाण्याएवढ्या जागेत, पण कागदाच्या डाव्या कडेला. "मॅडम, बंदूक मस्त आहे हो! नुसती माशी सरकलीय. दोन मिनिटांचं काम आहे, करून देऊ?" माशी म्हणजे नळीच्या टोकावरचा तो इवलासा उंचवटा, ज्याच्यावरून नेम धरतात, ते तुला मी काय सांगायचं. तिने बॅगेतून छोटी हातोडी काढलीसुद्धा. आणि मी ओरडले, "हात लावू नकोस तिला!" इतक्या जोरात की जावई चहाचे कप घेऊन येत होता तो दारातच थांबला. ती बिचारी ओशाळली. मी पण ओशाळले.

कारण हे दोन मिनिटांचं काम मी एकदा केलंय, आये. एकोणीस वर्षांची होते, कॉलेजने ज्या मुलींना नेमबाजीच्या क्लबात पाठवलं त्यांच्यात होते, आणि चार महिन्यांत मला जगातलं सगळं कळायला लागलं होतं. तू परळला कुणाच्या तरी बाराव्याला गेली होतीस. तेवढ्या दुपारात मी चारही बंदुका सरळ केल्या. डावरीची माशी हातोडीने सरकवली, उडतीचं नेम धरायचं मागचं पान खाली बसवलं, नवीचे सैल स्क्रू आवळले. बसकीची माशी उंच होती म्हणून कानशीने घासून कमी केली. प्रत्येकीने कागदाच्या मधोमध मारेपर्यंत उठले नाही. मला वाटलं, मी आपल्या घरातली एक लबाडी साफ केली.

दुसऱ्या दिवशी रविवार. जेवणानंतर नायगावचे ते काका आले. मिलमधून रिटायर झालेले, धुतलेलं धोतर, दर रविवारी बसकी आणि दहा छर्रे. दहातले नऊ तरी फुगे फुटायचेच. त्या दिवशी जावयाला घेऊन आले होते, पहिल्यांदाच सासुरवाडीला आलेला. "बघा हां," म्हणाले त्याला. फुग्याच्या वर वीतभर नेम धरला, त्यांच्या सवयीने, आणि पहिला छर्रा फुग्याच्या वर फळ्यात गेला. दुसराही. दहाच्या दहा. तू पलीकडच्या बाजूला फुगे बांधत होतीस, पाठ करून. मी टेबलाशीच होते, आये. मला दुसऱ्याच छऱ्याला कळलं होतं काय होतंय ते. एवढंच म्हणायचं होतं, काका, खाली धरा. पण मी ते म्हटलं नाही. त्यांनी बंदूक टेबलावर ठेवली, नीट, नळी समुद्राकडे करून, आणि तुला म्हणाले, "वैनी, डोळे गेले वाटतं माझे." जावई म्हणाला, "असू दे हो, वारा आहे." दोघं गेले.

तू बसकी उचलून एक छर्रा मारलास. मग डावरी. मग माझ्याकडे बघितलंस. तुझा तो चेहरा अजून माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही. "काय केलंस गो ह्या? माका इचारलंस?" मी क्लबातलं सगळं ज्ञान पाजळलं. आपण लोकांना फसवतो, वाकड्या बंदुका देतो, हा धंदा नव्हे, वगैरे. तू ऐकून घेतलंस, आणि म्हणालीस, "त्येका ठावक होता, माका ठावक होता. मगे फसलो कोण?" आणि मग आवाज उतरवून, जणू स्वतःशीच, "आता त्येका कोण सांगतलो, तुझे डोळे बरे आसत म्हणान?"

पुढच्या रविवारी काका आले नाहीत, त्याच्या पुढच्याही नाहीत. तू नायगावला त्यांची चाळ शोधत गेलीस, मला न घेता. ते गावी निघून गेले होते. शेजारणीने सांगितलं, डोळ्यांनी दिसेनासं झालं म्हणत होते, मग इथे राहून काय करायचं. तू घरी आलीस, पाय धुतलेस आणि हे मला सांगितलंस. बस, एवढंच. रागावली असतीस तर बरं झालं असतं. मग महिनाभर तू रोज सकाळी त्या बंदुका पुन्हा होत्या तशा करत बसायचीस. ठोक, मार, बघ, पुन्हा ठोक. डावरी आणि उडती आल्या जागेवर. नवी काय, चार दिवसांत आपली आपणच सैल झाली. बसकी काही येईना, घासलेली माशी कुठून वाढणार? शेवटी तू भांड्यांना डाख लावणाऱ्याकडून तिच्या टोकावर डाख घालून आणलास. बोरीच्या बीएवढा तो डाख अजून आहे. तरी ती पूर्वीसारखी मारायची नाहीच, पण तू ती टेबलावर मांडत राहिलीस, काका येतील म्हणून.

त्यामुळे बसकी ठेवायची हे ठरवायला मला वेळ लागला नाही. तुझ्या जावयालाही ती गोष्ट माहीत आहे, मीच लग्नानंतर कधीतरी सांगितली होती. गंमत अशी की आता माझ्याच उजव्या डोळ्यात मोतीबिंदू पिकतोय. परवा गादीवर मारून बघत होते, तर छर्रे कुठेही जायला लागले. बंदूक वाकडी की मीच, काही कळेना. काकांना अगदी असंच वाटलं असेल.

प्रश्न दुसरीचा होता. जावई म्हणाला, "तुझ्या सातातली ती परदेशी ठेव ना, तिच्यावर मेडल आहे." मी म्हटलं, मेडल कपाटात आहे, त्याला वेगळी जागा लागत नाही. ती त्या शाळेच्या पोरींना उपयोगी पडेल. मी डावरी बाजूला काढली. तर ती मुलगी म्हणाली, "मॅडम, ही? हिच्यापेक्षा कितीतरी चांगल्या आहेत तुमच्याकडे." मी म्हटलं, हिचा दस्ता चांगला आहे, शिसवी आहे. दस्त्याला दोन ठिकाणी तार गुंडाळलेली तिला दिसत होती, पण बोलली नाही. चांगल्या वळणाची आहे.

डावरी का, ते तुला माहीत आहे. आपण दोघी त्यावर कधीच बोललो नाही, म्हणून आज लिहिते. मी बंदुका सरळ केल्या त्याच्या आठच दिवस आधीची गोष्ट. क्लबातल्या तिघीजणी भेळ खायला म्हणून मला चौपाटीवर घेऊन आल्या होत्या. फाडफाड इंग्रजी बोलणाऱ्या, पायात महागाच्या चपला. त्यातली एक म्हणाली, चला, फुगे फोडू. मी म्हणत राहिले, नको गं, फालतू आहे ते. तू आम्हाला लांबूनच बघितलंस आणि हात वर केलास. मी समुद्राकडे बघायला लागले. तू हात खाली घेतलास आणि त्याच हाताने पदर सारखा केलास. आम्ही टेबलाशी आलो तेव्हा तू म्हणालीस, "या ताई, या. दहा छर्रे?" तिघींना तीन बंदुका दिल्यास. एक म्हणाली, "ह्या वाकड्या असतात, ही लोकं फसवतात," आणि मी हसले. मग तू डावरी माझ्यापुढे धरलीस. "ताई, तुम्ही घेता?" मला ती हाताला बसते हे तुला पक्कं ठाऊक होतं. मी घेतली, उजवीकडे धरली आणि दहाच्या दहा फुगे फोडले. मुलींनी टाळ्या वाजवल्या. आणि तू, जी घरात मालवणीशिवाय एक शब्द बोलायची नाहीस, ती किती शुद्ध बोललीस. "हात चांगला आहे हो ताई तुमचा. कुठे शिकलात?"

तू मला वाट करून देत होतीस, आये. एक शब्द बोलले असते तरी चाललं असतं. मी म्हटलं, "क्लबमध्ये." तू म्हणालीस, "हां, तरीच," आणि नवे फुगे बांधायला वळलीस. संध्याकाळी घरी आलीस तेव्हा माझ्या ताटात बोंबील जास्त वाढलेस. मी ते ताटाच्या कडेला सारून ठेवले. मग मी शोधून काढलं की तू फसवतेस, कारण तू लबाड ठरलीस की माझं तोंड फिरवणं मला बरोबर वाटणार होतं. बंदुका मी त्यासाठी सरळ केल्या. खरेपणा-बिरेपणा काही नव्हतं. आणि त्या सगळ्यात ते काका फुकट मारले गेले.

क्लबात गेले त्याच्या आधीच मला बंदूक धरता येत होती. दस्ता खांद्यात कुठे रुतवायचा, श्वास अर्धा सोडून कसा थांबवायचा, घोडा खेचायचा नाही, नुसता आवळायचा, हे सगळं तू शिकवलंस, त्या टेबलामागे उभं करून, माझ्या कोपराखाली हात धरून. क्लबातल्या सरांनी पहिल्या दिवशी फक्त मान डोलावली होती.

हे पत्र मी कुठे टाकणार? रद्दीच्या गठ्ठ्यात जाईल, नाहीतर बंदुकांबरोबर कॉटखाली. पण एक सांगितल्याशिवाय पेन खाली ठेवत नाही. गेल्या रविवारी ती मुलगी निघताना दारात चपला घालता घालता म्हणाली, "मॅडम, एक विचारायचं राहूनच गेलं इतकी वर्षं. तुम्ही सगळ्यात आधी कुठे शिकलात?" तुझा जावई रिकामे कप घेऊन उभा होता, माझ्याकडे बघत. मी म्हटलं, क्लबमध्ये.