काळ्या दांड्याखालचं लाकूड

दादा, हत्यारांचे दांडे काळे करायची रीत तुम्ही मला सांगितली नाही. तुम्ही वारल्यावर ती माझी मी शोधली, आणि हे सांगायला मला संकोच नाही. बाभळीची साल दिवसभर उकळायची, तो तांबडा काढा दांड्याला दोनदा पाजायचा, दांडा सावलीत सुकवायचा. मोडक्या फाळाचे तुकडे आठ दिवस आंबट ताकात ठेवले की लोखंडाचं पाणी तयार होतं, ते फडक्यानं लावायचं. लाकूड डोळ्यांदेखत आधी जांभळट आणि मग काळं पडत जातं. शेवटी जवसाचं तेल. पहिल्या वर्षी मी घाईनं काढा पाजायचंच सोडलं, तर दांडे राखेच्या रंगाचे झाले आणि वाटूर गावच्या दोन गिऱ्हाइकांनी ते माझ्यापुढे आणून टाकले.

तुमचं काळ्या रंगाचं मडकं मात्र कायम पोत्याखाली. मी तेव्हा पंचविशीचा, तुमच्याच हाताखाली काम करणारा. आई ताक घेऊन येते, तुम्ही भांडं दारातच घेता आणि तिलाही परत पाठवता. एकदा मी पोतं उचललं.

"काय करून राह्यला?"

"बघून राह्यलो."

"आधी लाकूड बघायला शिक. रंगाचं मंग बघू."

ते 'मंग' कधी आलंच नाही. तुम्ही विद्या राखून ठेवता, एवढंच मला तेव्हा वाटलं होतं.

गेल्या महिन्यात मंठ्याच्या बाजारात एका म्हाताऱ्या शेतकऱ्यानं माझा दांडा उचलून नखानं खरवडला. "मिस्त्रीचं पोरगं ना तू? तुझा बाप बी असेच काळे करायचा. लई हुशार माणूस. काळ्याखाली पांढरं खपवायचा."

शेजारचा खुरपीवाला हसला. "मंग काय झालं काका, नवरीला बी पावडर लावतेतच की!"

मला हसू आलं नाही. पांढरं म्हणजे सालीलगतचं कोवळं लाकूड. त्याला भुंगा लागतो, आतून पोखरतो, आणि कुऱ्हाड डोक्यावर असताना दांडा मोडला तर पातं कुणाच्या अंगावर जाईल ते सांगता येत नाही. बाभळीचा गाभा, म्हणजे आतलं पक्कं लाकूड, मुळातच तांबूस, देखणा. तो काळा करायची गरज काय? मी स्वतःला बारकाईचा माणूस समजतो, पण हा प्रश्न मला इतक्या वर्षांत पडला नव्हता. मडकं आईपासूनसुद्धा का झाकायचात, तेही तेव्हाच मनात आलं.

घरी येऊन मी तुम्ही रोज लाकूड तासायचात त्या वाकसाचा दांडा तासायला घेतला, पापुद्रा पापुद्रा. काळं कागदाएवढंच होतं. खाली सगळा गाभा, पांढऱ्याची रेघ नाही. "झालं समाधान? आता जेवा," बायको म्हणाली. पुढच्या बाजारी मी तो दांडा त्या म्हाताऱ्यापुढे धरला. त्यानं हातही लावला नाही.

"हे तर त्याचं सोताचं हत्यार. सोताला कोण खराब लाकूड घालतं? माझी कुऱ्हाड त्याच्याच हातची हाय, ती तासून बघ. पातं बी हालतंय, बराबर करून दे."

आणि कुऱ्हाड ठेवून गेला. मुठीजवळ तुमची खूण, दोन बोटांची खाच, दांडा काळाभोर. पाचर उपटून पातं उतरवलं असतं तर आतल्या, काळं न लागलेल्या टोकाशी लाकडाचा रंग लगेच दिसला असता, तासायचीही गरज नव्हती. सगळं मिळून पाच मिनिटांचं काम. दोन दिवस ती कुऱ्हाड माझ्या पुढ्यात पडून होती आणि मी दुसऱ्यांचे विळे करत बसलो.

हे सगळं वहीत लिहिलंय, पान फाडून ठेवीन. पाठवायचं तरी कुठं. आईलाही वाचून दाखवणार नाही, ती विचारील की दांडा कसा निघाला.

दादा, मी पाचर उपटली नाही, दांडाही तासला नाही. पहिलीच्या बाजूला दुसरी ठोकली, पातं घट्ट केलं. मग दांड्याला पुन्हा एक हात काळं दिलं आणि म्हाताऱ्याला सांगितलं, तासून बघितलं काका, सगळा गाभाच आहे, तासलं तिथं परत काळं लावलंय.