ज्या दोघांच्या नावे मी काहीच ठेवत नाही

मी, खाली सही करणारी, धंद्याने शिवणकाम करणारी, लग्न न केलेली, वस्तीत लहानमोठे सगळे जिला 'ऑफिसताई' म्हणतात ती, हे मृत्युपत्र माझ्या राजीखुशीने लिहून ठेवत आहे. मला कोणी धमकावलेलं नाही की फसवलेलं नाही. वैतागवलं मात्र पुष्कळांनी आहे, आणि त्या वैतागाच्या भरात नव्हे तर तो पुरता मुरल्यावर मी लिहायला बसले आहे. माझं डोकं ठिकाणावर आहे. पुतण्या चारचौघांत "आत्याला हल्ली काही आठवत नाही" असं सांगत फिरतो, म्हणून डॉक्टरीणबाईंचा दाखला सोबत जोडला आहे. त्यांनी मला आज वार कोणता ते विचारलं. मी वार सांगितला, आणि त्यांच्या कोटाची डावी बाही उजवीपेक्षा तोकडी शिवली आहे हेही सांगितलं. त्यांनी लगेच सही केली.

याआधी मी एक कच्चा मसुदा केला होता. तो वकीलबाईंनी रद्द करायला लावला. का, ते पुढे येईल.

कलम पहिलं, राहतं घर. माझ्या मागे हे घर माझ्या भावाचा मुलगा आणि त्याची बायको या दोघांच्या नावे समाईक व्हावं. पुतण्याला मी अंगाखांद्यावर खेळवलं आहे, त्याला बेघर करायची माझी इच्छा नाही. पण त्याच्या एकट्याच्या नावे केलं तर माझे दिवस घालायच्या आधी तो गिऱ्हाईक घेऊन येईल. समाईक असल्यावर विकायला सूनबाईची सही लागेल, आणि सूनबाई विचार केल्याशिवाय कोथिंबिरीची जुडीसुद्धा घेत नाही.

घराची पुढची खोली वर्षानुवर्षं पाणी प्रकल्पाचं ऑफिस होती. भिंतीवर अजून नकाशाचे खिळे आहेत, ते काढले तरी चालतील. प्रकल्पाला वस्तीत जागा मिळेना तेव्हा मी शिलाई मशीन मागच्या खोलीत ढकललं आणि ही खोली दिली. खोलीबरोबर मीही दिली गेले. चहा कोण करणार, मीटिंगला बायका कोण गोळा करणार, साहेब आले की कोण कुठे बसणार, सगळं माझ्याच डोक्यावर. कागदावर माझं पद 'स्थानिक समन्वयक' असं होतं. त्याचा अर्थ, ज्याला कुणाला ओरडायचं असेल त्याने इथे येऊन ओरडावं.

कलम दुसरं, अंगणाचा कोपरा. या कलमासाठीच हा सगळा खटाटोप आहे, तेव्हा नीट वाचावं.

माझ्या अंगणाचा वरचा कोपरा वस्तीत सगळ्यात उंच. तिथून पाणी सोडलं की खालच्या आळीत नळाला आपोआप जोर येतो. म्हणून तिथे टाकी आणि पंपघर बांधलं. मी जागा तोंडी दिली. मुख्य कार्यालयातले मोठे साहेब म्हणाले, "ताई, कागद आपण सावकाश करून घेऊ." ते सावकाश अजून चालू आहे. गरज सरो, वैद्य मरो म्हणतात, तसं प्रकल्प संपला, जीप गेली, कागद राहिला. जागा आजही माझ्या नावावर आहे.

मागच्या महिन्यात पुतण्या टेप घेऊन आला आणि पंपघराच्या भिंतीला लावून मोजू लागला.

"आत्या, इथे रस्त्याच्या बाजूने मस्त दुकानाचे गाळे निघतात."

"आणि पाणी?"

"पाण्याचं काय एवढं? टँकर येतात की हल्ली सगळीकडे."

आयत्या बिळावर नागोबा म्हणजे काय ते मी त्या दिवशी डोळ्यांनी पाहिलं. मी हा कागद न करता गेले तर कोपरा कायद्याने त्याचा, आणि खालची आळी पुन्हा हंडे घेऊन मोठ्या रस्त्यापलीकडच्या नळावर. तो रस्ता ओलांडताना एका शेजारणीचा पाय कायमचा गेला आहे. म्हणून मी लिहून ठेवते की हा कोपरा, टाकी, पंपघर आणि तिथवर जाण्याची वाट, हे सगळं खालच्या आळीच्या नोंदणीकृत पाणी मंडळाचं व्हावं. आळीतलं नळ असलेलं जवळपास प्रत्येक घर त्या मंडळाचं सभासद आहे. पुतण्याने यावर हरकत घेऊ नये. घेतलीच, तर कलम पहिलं रद्द आणि घरही मंडळाला.

कलम तिसरं, बँकेतली ठेव. पंपाची मोटर जळली की ती भरून घ्यायला वापरावी. मोटर जळते. दर वेळी सगळे नवलाने बघतात, जणू पहिल्यांदाच जळली.

कलम चौथं, शिवणाचं सामान. मशीन आणि सुतळीच्या पिशवीतले सगळे साचे सूनबाईला. त्या घरात विचारून वस्तू नेणारी ती एकटीच आहे. कापडाची मोठी कात्री मात्र मुख्य कार्यालयाला पार्सलने पाठवावी. उद्घाटनाला फीत कापायची म्हणून साहेबांच्या मदतनिसांनी ती माझ्या टेबलावरून उचलली. फीत कापली ते ठीक. नंतर तिनेच बक्षिसाच्या खोक्याची तार कापली. कात्रीला दात पडले. तेव्हापासून ती ना कापडाच्या कामाची ना तारेच्या. त्यांची आठवण म्हणून त्यांच्याकडेच राहू दे.

कलम पाचवं, सन्मानचिन्ह. माझ्या कपाटात वरच्या फळीवर, जुन्या चादरीत गुंडाळलेलं एक लाकडी सन्मानचिन्ह आहे. त्यावर पितळी पट्टी, पट्टीवर 'सर्वोत्तम स्थानिक सहकारी'. ते माझं नाही. ते कुणाचंच नाही, आणि तीच तर रड आहे.

प्रकल्प संपला त्या दिवशी मांडव घातला होता. साहेबांनी आभार मानले. पैसे देणाऱ्या संस्थेचे, तिच्या अध्यक्षांचे, अध्यक्षांच्या पत्नींचे, स्वतःच्या पत्नीचे, माईकवाल्याचे. शेवटी म्हणाले, "आणि अर्थातच आपले स्थानिक सहकारी." पाणी प्यायला घोटभर थांबले आणि तेवढ्यातच आमचे आभार उरकले. पंपघरावरच्या फरशीवरही तेच कोरलं आहे. एवढ्यावर थांबले असते तरी मी गिळलं असतं. पण त्यांनी सन्मानचिन्ह आणलं होतं, आणि एकच आणलं होतं. व्यासपीठावरून विचारलं, "कोण आहे टाकी बांधणारा?" गवंडी उभा राहिला. त्याला वर बोलावलं, चिन्ह दिलं, फोटो काढला.

त्या वेळी व्हॉल्ववाली, म्हणजे गवंड्याच्या जोडीने राबलेली, आळीला पाणी सोडणारी बाई, कुठे होती? खाली आळीच्या तोंडाशी, व्हॉल्वच्या खड्ड्यात उतरून, चाक धरून. कारण पाहुण्यांना टाळ्या वाजताच नळाला पाणी आलेलं बघायचं होतं. टाळ्या ऐकल्या की सोड, असं तिला सांगितलं होतं. तिने टाळ्या ऐकल्या आणि सोडलं. त्या टाळ्या गवंड्याच्या सन्मानाच्या होत्या, हे तिला वर आल्यावर कळलं.

ती त्याला दादा म्हणायची, तो तिला अगं-तुगं करायचा. दोघं एका ताटात जेवावं तसं काम करत. त्या संध्याकाळी ती म्हणाली, "दादा, टाकी एकट्याची होती काय?" तो म्हणाला, "मी काय मागायला गेलो होतो?" खरंच गेला नव्हता. पण एवढं म्हणून गप्प बसावं की नाही? पुढे म्हणाला, "व्हॉल्व काय, कुणीही फिरवतं." तिथे संपलं. तेव्हापासून दोघांत विस्तव जात नाही.

दुसऱ्या आठवड्यात त्याने ते चिन्ह कागदात गुंडाळून माझ्याकडे दिलं. "तिला द्या." मी दिलं. तिने परत पाठवलं. "त्यांना लखलाभ." असं ते इकडून तिकडे इतक्यांदा गेलं की कागद फाटला, मग मी चादर घातली आणि कपाटात ठेवलं. माझ्या मागे ते पंपघराच्या दाराला टेकण म्हणून लावावं. वाऱ्याने ते दार फार आपटतं. स्थानिक सहकार्य म्हणतात ते हेच.

कलम सहावं, पंपघराची कुलपं. पंपघराला दोन कुलपं आहेत. प्रकल्पाचा नियम होता की एकट्याच्या हाती सत्ता नको, म्हणून एक किल्ली गवंड्याकडे, एक व्हॉल्ववालीकडे. नियम करणारे निघून गेले, नियम राहिला. रोज सकाळी दोघं येतात. तो त्याचं कुलूप काढतो, ती तिचं. तोंडात मिठाची गुळणी. मग तो माझ्या खिडकीपाशी येतो. "ताई, त्यांना सांगा, वॉशर गेलाय." ती त्याच्यापासून हातभर अंतरावर उभी असते. मी तिला सांगते वॉशर गेलाय. ती म्हणते, "ताई, त्यांना सांगा, ऐकलं मी." मी सांगते की तिने ऐकलं. माझ्या सकाळच्या चहावर रोज साय धरते.

गुडघे धरले, ताप आला, डोळ्याचं ऑपरेशन झालं, तरी मी खिडकीशी. मी तुमचं काय घोडं मारलं होतं? मंडळाची नोंदणी करायची तेव्हा दोघांनाही सभासद व्हा म्हणून किती विनवण्या केल्या. तो म्हणाला, ती असेल तर मी नाही. ती म्हणाली, ते असतील तर मी नाही. शेवटी पाण्यासाठी ज्यांनी सगळ्यात जास्त केलं ते दोघंच मंडळाबाहेर. सुंभ जळला तरी पीळ जात नाही.

तर निरोप्याचं हे पद माझ्याबरोबर संपतं. ते मी कोणाच्याही नावे करत नाही. सूनबाईच्या गळ्यात तर मुळीच नाही.

कलम सातवं. वर म्हटलेल्या कच्च्या मसुद्यात मी मशीनच्या बाजूचं कपाट आणि ठेवीतला वाटा या दोघांना ठेवला होता. वकीलबाईंनी तो वाचला आणि विचारलं, "मावशी, साक्षीदार कोण?" मी म्हटलं, आळीतलं कोणीही. त्या म्हणाल्या, "ज्याला यातून काही मिळतं, त्याने साक्षीदार होऊ नये. उद्या तुमचा पुतण्या तेवढ्याच मुद्द्यावर भांडेल." खालची आळी सगळी मंडळात, म्हणजे सगळी लाभार्थी. वरच्या आळीतली माणसं पुतण्याच्या उठण्याबसण्यातली. राहिलं कोण? ज्यांनी रुसून सभासदत्व घेतलं नाही ते दोघं. एवढ्या वर्षांच्या रुसव्याचा हा पहिला उपयोग.

म्हणून मी विचारपूर्वक लिहून ठेवते की गवंडी आणि व्हॉल्ववाली यांच्या नावे मी काहीही ठेवत नाही. कपाट नाही, वाटा नाही, सुई नाही की दोरा नाही. फक्त आभार ठेवते, ज्यावर कोणी हरकत घेऊ शकत नाही.

गवंड्याचे आभार यासाठी, की टाकीचा तळ गळतोय हे त्याला स्वतःलाच पहिल्यांदा कळलं आणि कोणी न सांगता त्याने तो उकरून पुन्हा केला. ओल्या सिमेंटने त्याच्या टाचांची सालं निघाली होती, तो महिनाभर चवड्यांवर चालत होता, आणि वर विचारलं तर म्हणायचा, "चप्पल लागतेय." व्हॉल्ववालीचे आभार यासाठी, की उन्हाळ्यात पाणी कमी पडलं तेव्हा तिने सख्ख्या बहिणीच्या गल्लीलाही मिनिटभर जास्त दिलं नाही. बहीण अजून तिच्या दारात पाय ठेवत नाही. आणि त्या दिवशीबद्दल एकच सांगते. टाळ्या वाजल्या तेव्हा जे पाणी आलं, ते त्याने बांधलेल्या टाकीतून तिच्या हाताने आलं. एकट्याचं कुणाचंच नव्हतं. हे त्या साहेबांनी म्हणायला हवं होतं. त्यांना सुचलं नाही, म्हणून एका शिवणकाम करणारीने मरणाच्या कागदावर लिहावं लागतंय.

मला तुम्हा दोघांचा फार राग आहे. माझ्या सगळ्या आयुष्यात तुमच्याइतकी जवळची माणसंही मला मिळाली नाहीत. हे दोन्ही खरं आहे.

कलम आठवं. या मृत्युपत्राची अंमलबजावणी वकीलबाईंनी करावी. त्या म्हणाल्या, साक्षीदार वेगवेगळ्या वेळी आले तरी कायद्याला चालतं. मला चालत नाही. दोघांनी एका टेबलाशी, एकमेकांदेखत सही करावी. साक्षीदारांना मजकूर वाचून दाखवायची गरज नसते असंही त्या म्हणाल्या. हा दाखवावा, मोठ्याने.

स्थळ: माझी पुढची खोली, खिडकी उघडी.
तारीख: शिक्क्यात आहे तीच, सकाळचं पाणी सुटून गेल्यावर.

सही: मृत्युपत्र करणारी (ऑफिसताई)

साक्षीदार एक, सही: गवंडी
साक्षीदार दोन, सही: व्हॉल्ववाली

वकिलांचा शेरा: मृत्युपत्र करणाऱ्या बाईंच्या आग्रहावरून नोंदवते की वरील मजकूर दोन्ही साक्षीदारांसमोर वाचला. साक्षीदार एक यांनी सही केली. साक्षीदार दोन यांचं पेन उमटेना. त्यांनी बाईंकडे पाहिलं. बाई खिडकीबाहेर पाहत होत्या व त्यांनी मान वळवली नाही. मग साक्षीदार दोन म्हणाल्या, "दादा, तुमचं पेन बघू." साक्षीदार एक म्हणाले, "झटकून घे, अडतं ते." त्यानंतर सही झाली. हे बोलणं बाईंमार्फत झालेलं नाही.