मागच्या खोलीचा हक्क

मी, खाली सही करणारी, धंद्याने शिंपीण, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दडपणाशिवाय लिहीत आहे. माझे डोके शाबूत असल्याचा दाखला डॉक्टरांनी दिला आहे. माझ्या मुलीला तो पटणार नाही.

१. राहते घर माझ्यामागे माझ्या एकुलत्या एका मुलीचे. अपवाद फक्त मागच्या खोलीचा. तिथे ड्रायव्हर राहतो, त्याने हयातभर तिथेच राहावे. ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी लिहिते: दारू पिऊन ट्रक मागे घेताना याच माणसाने माझ्या पतीला चाकाखाली घेतले. तुरुंगातून सुटल्यावर त्याला कोणी दारात उभे करेना, म्हणून मी खोली दिली. अपराध्याला क्षमा करा, ही प्रभूची आज्ञा मला सोयीपुरती पाळता येईना.

लोक मला मोठ्या मनाची म्हणतात. तसे काही नाही. रोज सकाळी चहा देताना त्याच्या हातांकडे लक्ष जाते आणि माझे पित्त खवळते. तरी कप पुढे करते. कधीतरी राग जाईल असे वाटायचे. ती आशा आता सोडली आहे, चहा सोडलेला नाही.

२. शिलाई यंत्र मुलीला. तिचा लग्नाचा झगा याच यंत्रावर शिवला. बटणे तिच्या वडिलांनी हट्टाने लावली, तीही वाकडी.

३. मोठी कात्री शेजारणीला. ती उसनी नेऊन कागद कापते आणि धार घालवते. आता खुशाल घालवावी.

४. चर्चमधल्या पुढच्या बाकावरची माझी उशी पाळकसाहेबांना. क्षमेवर सुंदर उपदेश करून झाल्यावर ते मला बाजूला घेऊन म्हणाले होते, "बाई, त्या ड्रायव्हरला मागे बसवा. मंडळी अवघडतात." तेव्हापासून मीही त्याच्यासोबत मागेच बसते. साहेबांनी उशी गुडघ्यांखाली घ्यावी.

५. माझ्या शवपेटीला एका बाजूने जावयाने आणि दुसऱ्या बाजूने ड्रायव्हरने खांदा द्यावा. हे होणार नाही, हे मला कळते. प्रभूभोजनाची भाकर घेण्याआधी शेजारच्याशी समेटाचा हात मिळवायची आमच्या चर्चची रीत आहे; तो हात द्यावा लागू नये म्हणून मुलगी माझ्यापासून मुद्दाम दूर बसते. एकदा तिला फाटकाशी गाठले, तर म्हणाली, "आई, बाबा काय एकट्या तुझेच होते? माफ करताना मला कुणी विचारलं?"

पहिले कलम ड्रायव्हरला वाचून दाखवले. तो म्हणाला, "तुम्ही गेलात की मी इथं एक दिवस राहणार नाही, बाई. तुमची मुलगी काही चुकीची नाही." म्हणजे जी देणार नाही तिच्या घरात, जो घेणार नाही त्याला मी हक्क देत आहे. वकील म्हणाले, "मग कलम काढून टाका." मी काढलेले नाही.

ज्याला काही मिळणार त्याने साक्ष द्यायची नसते, म्हणून मुलीला आज नुसते हजर राहायला बोलावले होते. ती आली. टेबलावर ड्रायव्हरचा कप दिसला, तशी उंबऱ्यातच थांबली. मी कप उचलून ठेवला असता तर ती आत आली असती. मी उचलला नाही. ती परत गेली.

सही: शिंपीण
साक्षीदार: कोपऱ्यावरचा कुलूपवाला, औषधाच्या दुकानातल्या बाई
ठिकाण: माझे स्वयंपाकघर
दिनांक: आजचा रविवार, चर्च सुटल्यावर