दातावरच्या पांढऱ्या चौकटी

लकडगंज, नागपूर
ता. ७ एप्रिल १९८८

रुपराव यास थोरल्या बहिणीचा आशीर्वाद. आम्ही खुशाल.

सख्ख्या बहिणीले धाकट्या पोरीच्या लग्नाची पत्रिका टपालानं धाडतात काय गा? घरी येऊन अक्षता द्यायले पाय नव्हते? चार वर्षं तुनं माझा उंबरा ओलांडला नाही. काहून, तर म्हणे यमुताईनं थोरल्या पोरीचे, जयवंताचे, दात बिघडवले. आता मी सांगते ते नीट वाच.

दात तिचे आधीपासूनच पुढं होते. तीन ठिकाणचे पाहुणे पाहून गेले, तिघायनंही नाही म्हटलं. तूच म्हणाला, "ताई, हिले नागपूरले ने, काही कर." मी नेलं. दोन वर्षं घरी ठेवलं. डॉक्टरनं एकेका दातावर लोखंडी चौकोन चिकटवला, त्यातून तार ओवली. दात सरळ झाले, पण तार काढल्यावर प्रत्येक दातावर पांढरी चौकट उमटलेली. गावानं त्याले कोड म्हटलं. दाताले कुठं कोड होते? पण तिच्यापायी धाकट्या शामलेलेही कोणी करून घेईना.

मागल्या महिन्यात दाढ उपटायले मी त्याच डॉक्टरकडं गेली. भांडायलेच गेली म्हण. तो म्हणाला, "बाई, तारेनं रंग जात नाही. चौकोनाच्या भवताल अन्न साचते. घासलं नाही की तेवढा दात खडूवानी पांढरा पडते. चौकोनाखालचा तसाच राहते." घास म्हणून मी कितीदा ओरडली! पोरगी दिवसभर गूळ-फुटाणे खाय, अन् तार टोचते म्हणून घासत नसे.

डाव्या सुळ्यावरचा चौकोन एकदा निघाला होता. पुन्हा बसवला तो तिरपा बसला. म्हणून त्या दातावरची चौकट तिरपी, बाकीच्या सरळ. हे तुले माहीत नसंल. बाप पोरीच्या तोंडात कधी पाहते?

मले माहीत आहे. म्हणून लिहून राहिली.

तार काढली त्याच साली जयवंता तापानं गेली असा निरोप आला, मी धावत आली. तिरडी बांधून तयार, तोंड झाकलेलं. लागट ताप आहे, कोणी हात लावू नका, असं तू म्हणाला. पण मी तिची आत्या. तोंडात तुळशीचं पान द्यायले मी कापडाखाली हात घातला. तोंड लागलंच नाही. गोल, टणक, वर केसाळ असं काही लागलं. खाली छातीशी वाळला पाला वाजला. तुनं माझं मनगट धरून हात बाहेर ओढला. बोटाले पळसाच्या पानाचा चुरा होता.

मी गप्प बसली. दहाव्याले अंधार पडला तरी कावळा पिंडाले शिवला नाही, तवाही गप्प बसली.

परवा मंगळवारी इथं शहराबाहेर वाडीले गोदामात पार्सल सोडवायले गेली होती. भर दुपार. बाया पोती शिवत होत्या. एकीनं सुई दातात धरलेली. हमाल काही बोलला, ती हसली, सुई खाली पडली. दातादातावर पांढरी चौकट. डाव्या सुळ्यावर तिरपी.

मी हाक मारली, "जयवंता!"

तिनं पदर तोंडावर घेतला. साऱ्या बाया शिवायच्या थांबल्या. ती म्हणाली, "तुमची भूल झाली, बाई. ती जळाली. तिची आत्या होती मयतीले."

रुपराव, मी कोण ते मी सांगितलं नव्हतं.

मग हळूच विचारते, "शामलेचं जमलं काय?" मी मान हलवली. ती पोत्याकडं वळली अन् सुई उचलून शिवायले लागली. काल परत गेली तर जागा रिकामी, अर्ध्या शिवलेल्या पोत्यात सुई तशीच खोचलेली. तार काढल्यावर डॉक्टरनं दिलेला तिच्या दातांचा प्लास्टरचा साचा मी फडताळात मिठाच्या बरणीमागं ठेवला होता. काल काढून पाहिला. तेच दात, फक्त चौकटी नाहीत. रात्रभर फडताळाकडं पाठ करून निजता आलं नाही.

आता टाळत होती ते लिहिते. तार काढली त्या दिवशी शेजारच्या इंदूबाईनं विचारलं, "हे काय वं पोरीच्या दातावर?" मी वैतागलेली. फाडकन म्हणली, "कोड आहे, अजून काय!" इंदूबाईचं माहेर तुमच्याच गावचं. गावात तो शब्द माझ्या तोंडून गेला. चार वर्षं मी डॉक्टरले शिव्या दिल्या, तुले दिल्या.

गणपतकाका पुरात वाहून गेले, देह सापडला नाही, तवा नारळाचं डोकं अन् पळसाचं अंग करून पुतळा जाळला होता. तू लहान होता. मी पाहिला आहे.

शामलेचं जमावं म्हणून तुनं तिले घरातून काढलं का ती आपल्या पायानं गेली, तेही लिही. पण आधी हे लिही की तिरडीवर काय होतं. पुढच्या बुधवारपर्यंत तुझ्या हातचं उत्तर पाहिजे. नाही आलं तर मी वाडीची एकेक खोली धुंडाळीन, अन् शामलेच्या हळदीले तिले हाताले धरून आणीन. कोड कोणं म्हटलं तेही मांडवात मीच सांगीन.

त्या दिवशी जिचं मनगट धरलं होतं, ती तुझी बहीण,
यमुना