गाळलेलं पाणी

३ मार्च, सोमवार

आजपासून रोजनिशी. कोणाला दाखवायची नाही. पण मोठं काम हाती आलं की माणसाने लिहून ठेवावं.

काम असं. बंदरातून पलीकडच्या काठाला जाणारा चॅनल गाळाने भरत आलाय. दरवर्षी काढतात, गेली दोन वर्षं राहून गेलं. यंदा गाळ उपसणारा ड्रेजर ठरलाय. पण पर्यावरण खात्याची पाण्याची परवानगी आल्याशिवाय तळाला कोणी बोट लावू शकत नाही, आणि ती आणायची जबाबदारी आमच्या बंदर ऑफिसच्या साहेबांनी माझ्यावर टाकली. बाकीचे दोघे रजेवर आहेत, हा निव्वळ योगायोग.

मुदत एप्रिलअखेर. मेपासून माशांच्या विणीचा काळ, तेव्हा काम बंद. म्हणजे वेळ भरपूर.

संकल्प: रोज एक तास फाइल. चहा दिवसातून दोनदाच.

५ मार्च

फाइल उघडली. बंद केली. जाड आहे.

संध्याकाळी लाँचने पलीकडे सासूबाईंकडे गेलो. लाँच मेहुणाच चालवतो; राहायला तो अलीकडे, धक्क्यापाशी. मध्येच खालून खर्रकन आवाज आला. मेहुणा म्हणाला, भाऊजी, तळ घासतोय. मी म्हणालो, इंजिन असेल. तो म्हणाला, इंजिन मागे आहे, आवाज पुढून आला. याला प्रत्येक गोष्टीत खुसपट काढायची सवयच आहे.

सासूबाईंच्या किडन्या थकल्यात. आठवड्यातून तीनदा लाँचने अलीकडे यायचं, दवाखान्यात मशीनवर पडायचं, परत जायचं. लाँच ओहोटीला अडकायला लागली तर मशीनची वेळ चुकणार. मग घर सोडून कायमचं आमच्याकडे. ते त्यांना नको आहे. म्हणाल्या, खिडकीतून पाणी दिसलं पाहिजे, जावईबापू, बाकी माझं काही मागणं नाही. मी शब्द दिला. त्या म्हणाल्या, तुम्ही म्हणताय म्हणजे होणारच.

माझ्यावर इतका विश्वास टाकणारी या जगात ही एकच व्यक्ती. बायकोच्या मते तो आजाराचा परिणाम आहे.

१२ मार्च

अर्ज भरला. निम्मा. शाळेत गाळलेल्या जागा भरण्यात माझा हात धरणारा कोणी नव्हता, पण इथे उरलेल्या सगळ्या जागा नमुन्यावर अडल्यात. काम सुरू होण्याआधी चॅनलचं पाणी मुळात कसं आहे, त्याचा नमुना. बादली टाकायची, बाटली भरायची, प्रयोगशाळेत द्यायची. डाव्या हातचा मळ. उद्या.

१३ मार्च

वारा होता.

१४ मार्च

वारा नव्हता, पण सर्दी होती.

१७ मार्च

नमुना घेतला. म्हणजे घेतला आणि ओतून दिला.

मेहुण्याच्या लाँचवरून बादली सोडली. वर जे आलं ते पाहून लाज वाटली. ऑफिसचा चहा बरा. हे असलं पाणी बाटलीत भरायचं, वर आपल्या बंदराचं नाव आणि खाली माझी सही? खातं म्हणेल, एवढं गलिच्छ ठेवता आणि वर परवानगी मागता? मेहुण्याने विचारलं, ओतलंत कशाला? म्हणालो, तुला नाही कळायचं. मुलगी बघायला जाताना माणूस दाढी करून जातो.

मेहुणा म्हणाला, पण दाढी त्याचीच असते ना. अर्थ लागला नाही.

२० मार्च

आज माझ्या नोकरीतला उत्तम दिवस.

काल बादलीभर पाणी घरी आणलं. रात्रभर मोरीत स्थिर ठेवलं. सकाळी वरवरचं अलगद काढून मलमलच्या फडक्यातून गाळलं. मग फडकं चौपदरी करून पुन्हा. गाळ काढण्याच्या कामाचा शुभारंभ मी स्वतःच्या घरापासून केला, असं म्हणायला हरकत नाही.

बाटलीआडून पेपरचे मथळे वाचता येतात. बायको म्हणाली, एवढं पाणी कशाला गाळताय? म्हणालो, ऑफिसचं आहे. ती म्हणाली, मग बरोबर.

फडकं फार मळलं. मोरीच्या मागे टाकलं.

२१ मार्च

प्रयोगशाळेच्या बाईंनी बाटली उजेडात धरली. बराच वेळ. मग विचारलं, समुद्राचंच ना? मी हसलो. नमुना कसा घेतलात? म्हणालो, अत्यंत काळजीपूर्वक. त्यात एक अक्षर खोटं नाही.

गढूळपणा: दोन. इतर बंदरांचा चाळीसच्या आसपास येतो म्हणे. आपला दोन! घरी येईपर्यंत मान ताठ.

८ एप्रिल

परवानगी आली!! साहेबांनी सर्वांदेखत पाठीवर थाप मारली. सोबत अटींची पानं आहेत. अटी काय, सगळीकडे असतात. फाइलला लावल्या.

सासूबाईंना फोन केला. त्यांनी ड्रेजर दिसावा म्हणून खिडकी पुसून घेतली.

१४ एप्रिल

काय लिहू.

सकाळी ड्रेजर चॅनलमध्ये उभा. धक्क्यावर साहेब, मी, इस्त्रीचा शर्ट. प्रयोगशाळेच्या बाई गढूळपणा मोजायचा मीटर घेऊन आल्या आणि त्यांनी तो पाण्यात सोडला. आकडा अडतीस. बाईंनी मग अट क्रमांक नऊ वाचून दाखवली: पाण्याचा गढूळपणा मूळ नमुन्याच्या दुपटीवर गेल्यास काम तात्काळ थांबवावे.

मूळ नमुना दोन. दुप्पट चार.

ड्रेजरचा पंजा अजून हवेत होता. त्याने तळाला स्पर्शही केला नव्हता. अट नुसत्या समुद्राने मोडली होती. ड्रेजरच्या कप्तानाने विचारलं, मग आधी समुद्र बंद करायचा का? त्याचा कॉक कुठे असतो?

सगळे हसले. माझी गाळण उडाली. साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, मीटर बिघडलाय.

१५ एप्रिल

दुसरा मीटर आणून चॅनलमधल्या खांबाला कायमचा बांधला. एकेचाळीस. म्हणालो, हाही बिघडलाय.

१६ एप्रिल

बाईंनी बाजूला बोलावलं. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. शांतपणे विचारलं, तो नमुना गाळलेला होता का?

मी म्हणालो, गाळलेला म्हणजे नेमका कोणत्या अर्थाने?

त्यांनी सगळं समजावून सांगितलं. इथलं पाणी गढूळ असतं, तसंच असायचं, त्यात कोणाचा कमीपणा नाही. बादलीतलं पाणी जसंच्या तसं दिलं असतं तर मर्यादा ऐंशीवर गेली असती आणि ड्रेजर सुखाने चालला असता. अजूनही उपाय आहे. पहिला नमुना चुकीच्या पद्धतीने घेतला एवढं एका ओळीत लिहून द्यायचं, नवा नमुना घ्यायचा, आठवड्यात अट सुधारून मिळते. सही माझी होती, तेव्हा पत्रही माझंच हवं.

एक ओळ. उद्या सकाळी ताज्या डोक्याने लिहितो.

१७ एप्रिल

मसुदा १: "नजरचुकीने." नजर कशी चुकेल? फडकं चौपदरी होतं.

मसुदा २: "तांत्रिक कारणास्तव." बाई विचारतील, कुठलं तंत्र?

मसुदा ३: "गाळाने स्वतःहून तळ गाठल्यामुळे." फाडला.

इतक्या वर्षांच्या नोकरीत सही कधी मागे घेतलेली नाही. कोणी मागितली नाही, ही गोष्ट वेगळी.

१९ एप्रिल

सासूबाईंचा फोन. म्हणाल्या, ड्रेजर खिडकीतून छान दिसतो, पण हलत का नाही? जेवणाची सुट्टी आहे का?

मी हो म्हणालो.

त्या म्हणाल्या, चालायचंच, अंगमेहनतीची माणसं, सावकाश जेवू द्यावं.

फोन ठेवल्यावर मला घास गिळवेना.

२१ एप्रिल

मेहुणा घरी आला. बसला नाही. म्हणाला, भाऊजी, ओहोटीला आता पाणी कमी आणि चिखल जास्त. काल आईला घेऊन येताना दोनदा टेकलो. काहीतरी करा.

खुसपट काढलं नाही, टोमणा मारला नाही. मला जास्त भीती त्याचीच वाटली.

तो गेल्यावर पत्र लिहिलं. सरळ, एका ओळीत. खिशात ठेवलं. उद्या पहिलं काम हेच.

२२ एप्रिल

पत्र घेऊन साहेबांकडे गेलो. मी तोंड उघडायच्या आत ते म्हणाले, मी वर कळवून टाकलंय, आमचा माणूस चुकणं शक्य नाही, मीटरवाल्यांनाच धरा.

आमचा माणूस म्हणाले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. अशा वेळी खिशात हात घालणं बरं दिसलं नसतं.

२३ एप्रिल

रात्रभर विचार करून मार्ग काढला आहे. समुद्र स्वच्छ होत नसेल तर मीटरपुरता करावा.

२४ एप्रिल

बाजारातून नवी मलमल आणली. मेहुण्याला लाँच काढायला लावली. ओणवा होऊन मीटरच्या तोंडाला मलमल गुंडाळली. आकडा उतरला! बावीस. आणखी एक पदर. तेरा. आणखी. नऊ. मी ओरडलो, उतरतोय! मेहुणा माझ्या मागे बघत होता.

मागे दुसऱ्या होडीत बाई.

कापड कशाला, असं त्यांनी विचारलं. म्हणालो, मीटरला ऊन लागतंय. मीटर पाण्याखाली होता.

तेवढ्यात पाण्याची ओढ लागली आणि कापड सुटून गेलं. आकडा पुन्हा चाळीस. बाई म्हणाल्या, पत्र द्या हो. अजून द्या. मी शब्द टाकून बघते.

त्यांचा आवाज असा होता की मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

२५ एप्रिल

पत्र दिलं. चार दिवस खिशात राहून घडीवर फाटलं होतं, चिकटपट्टी लावून दिलं. बाईंनी वाचलं आणि कॅलेंडरकडे पाहिलं. आठवडा लागतो. एप्रिल तेवढा उरलेला नाही.

साहेबांना कळलं. मला आता ते तुम्ही म्हणतात.

३० एप्रिल

ड्रेजर दुसऱ्या बंदराला गेला.

सासूबाईंचा फोन आला. म्हणाल्या, जेवण झालं वाटतं त्यांचं, निघाले.

५ मे

आज सासूबाईंना दवाखान्यात आणायला मी स्वतः गेलो. बायको म्हणाली, निदान तेवढं करा. लाँच भरलेली, ओहोटी लागलेली. अर्ध्या वाटेवर टेकली ती टेकलीच. इंजिन ओरडलं, मागून काळा चिखल उसळला, लाँच जागची हलेना.

मेहुणा म्हणाला, वजन कमी केलं पाहिजे. कोण उतरणार हे त्याने सांगितलं नाही. मीच उतरलो. मांड्यांपर्यंत रुतलो. चपला तिथेच गेल्या. खांदा लावून ढकलू लागलो.

लोक चिडले होते. एक बाई म्हणाली, गाळ काढायचं काम कोणाकडे असतं, एकदा बघायचंय मला त्या माणसाचं तोंड. सासूबाई लाकडी बाकावर बसल्या होत्या, पाय सुजलेले, पिशवी मांडीवर. त्या लगबगीने म्हणाल्या, अहो, आमच्या जावयांकडेच आहे ना! आणि कौतुकाने माझ्याकडे बोट दाखवलं.

सगळी लाँच कठड्याशी येऊन खाली बघू लागली.

कोणी शिवी दिली असती तर मी उलट बोललो असतो. सासूबाई म्हणाल्या, बघा, स्वतः उतरलेत.

शेवटी एक होडी आली, दोघांनी त्यांना उचलून तिच्यात बसवलं. दवाखान्यात पोचेपर्यंत त्यांच्या मशीनवर दुसरा पेशंट घेतलेला. जेमतेम निम्मा वेळ मिळाला. डॉक्टर म्हणाले, असं पुन्हा झालं तर जिवाशी गाठ आहे. बायको माझ्या पायांवरच्या वाळलेल्या चिखलाकडे बघत उभी होती. मला रडू आलं. तिने थांबवलं नाही.

११ मे

सासूबाईंना घेऊन आलो. कोंबड्या शेजारी दिल्या. घराला कुलूप.

माझं टेबल काढून तिथे त्यांची खाट टाकली आहे. मदतीला आलेल्या मेहुण्याने मोरी घासली, तेव्हा मागचं फडकं निघालं. वाळून पापडासारखं कडक झालेलं, आत बोटभर गाळ. यंदा चॅनलमधून निघालेला एवढाच. त्याने ते माझ्या हातात दिलं.

त्यांच्या खाटेजवळच्या खिडकीतून समोरच्या इमारतीची भिंत आणि तिच्यावरचा पाइप दिसतो. मी पडदा लावू का विचारलं. नको म्हणाल्या. मग विचारलं, पुढच्या वर्षी काढाल ना गाळ? मी तोंड उघडलं, पण हो म्हणवेना. त्या म्हणाल्या, काढालच. घराची किल्ली उशाखाली सरकवली.

त्यांना पाणी मोजून द्यावं लागतं. बायकोने अर्धा पेला आणला. त्यांनी एक घोट घेतला, पेला खिडकीच्या कट्ट्यावर उजेडात ठेवला आणि थोडा सरकवून नीट केला.

म्हणाल्या, झालं, दिसतंय की पाणी.

अगदी नितळ होतं.